मंत्रीसाहेब, माझ्या शेडचं सील काढा : एक खुलं पत्र

मा. पर्यावरणमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

मागच्या वर्षी कचरा डेपोवरच्या कार्यक्रमात तुम्ही माइकवरून सांगितलं होतंत, इथला गॅस संशोधनाला देऊ, सगळ्या परवानग्या एकाच खिडकीवर मिळतील. मी समोरच बसलो होतो, मनापासून टाळ्या वाजवल्या. आणि तीन आठवड्यांपूर्वी तुमच्याच खात्याच्या माणसांनी येऊन माझ्या शेडला सील ठोकलं. कारण लिहिलंय, 'विनापरवाना प्लास्टिक उत्पादन'.

साहेब, ते प्लास्टिक बॅक्टेरिया बनवतात. कचरा सडला की जो मिथेन निघतो तो खाऊन ते जगतात, आणि मिथेन भरपूर देऊन नायट्रोजनचा पुरवठा तोडला की त्यांची वाढ थांबते, मग जास्तीचा कार्बन ते पीएचबी नावाच्या प्लास्टिकच्या रूपात अंगात साठवतात, आपण चरबी साठवतो तसं. हे पीएचबी मातीतले, समुद्रातले दुसरे जंतू खाऊन संपवतात. १९२६ मध्ये एका फ्रेंच शास्त्रज्ञाने ते बॅक्टेरियात शोधलं, म्हणजे नवीन काहीच नाही. अवघड आहे ते मिथेन पाण्यात विरघळवणं, कारण तो विरघळतच नाही धड, आणि हवेत ५ ते १५ टक्के झाला तर भडका उडू शकतो. म्हणून तर घरातले पैसे घालून गॅस गळती ओळखणारे डिटेक्टर बसवले. ते तुमच्या माणसांनी बघितलेसुद्धा नाहीत.

सील लावताना लाइट तोडली. हवेचा पंप बंद, गॅस बंद. या बॅक्टेरियांना साखर घालून भागत नाही, मिथेनच लागतो. दोन वर्षं रात्री-अपरात्री उठून जपलेलं कल्चर, म्हणजे वाढवलेले जिवंत बॅक्टेरिया, टाकीतच सडलं, दाराच्या फटीतून वास येतो, मी बाहेर उभा राहून रडलोय.

कुठे जायचं? प्लास्टिकवाले म्हणतात हे जैविक, जैविकवाले म्हणतात हा तर गॅस, गॅसवाले म्हणतात शेवटी प्लास्टिकच ना. अकरा फेऱ्या झाल्या. आणि तोच गॅस तिकडे डेपोवरून रात्रंदिवस हवेत जातोय, १०० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट उष्णता धरणारा, २० वर्षांच्या हिशेबात तर ८० पटीच्या आसपास. त्याला कोणी सील लावत नाही! 'विघटनशील' छापून ज्या पिशव्या विकल्या जातात त्यातल्या कितीतरी नुसता चुरा होऊन मातीत पडून राहतात, युरोपियन युनियनने असल्या ऑक्सो-डिग्रेडेबल मालावर २०२१ मध्येच बंदी घातली. तुमच्या खात्याने अशी एक तरी पिशवी मातीत पुरून बघितलीये का? घाण करणाऱ्याला कागद लागत नाही, साफ करणाऱ्याला तीन खात्यांचे लागतात, असलं कसलं राज्य चालवताय तुम्ही लोक?

सील काढा. गॅसची लाइन द्या. आणि तिन्ही खात्यांचं ज्याच्या एका सहीवर भागेल असा एक अधिकारी नेमा.

कल्चरची एक नळी मित्राच्या लॅबमध्ये डीप फ्रीजरला शिल्लक आहे. अजून किती दिवस ठेवायची, असं तो दर आठवड्याला विचारतो.

आपला,
एक नागरिक