बाबा, चाकांवरचं घर नको

प्रिय आई-बाबा, सा. न.

बाबा, तुम्ही पाठवलेला टायनी होमचा व्हिडिओ बघितला. खाली लिहिलंयत की आमच्यासाठी सिडनीत ग्रॅनी फ्लॅट, म्हणजे तुमच्या घरामागे छोटं स्वतंत्र घर, बांधण्यापेक्षा असलं काहीतरी मागे उभं करा, आमची अडचण झाली की हलवता येईल. ते वाचून दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. फोनवर मला रडू येईल म्हणून लिहितेय.

टायनी होम म्हणजे ट्रेलरवर बांधलेलं घर, रस्त्यावरून ओढून न्यायचं म्हणून रुंदी अडीच मीटर, म्हणजे जेमतेम सव्वाआठ फूट, आणि झोपायचं बहुतेक वेळा माळ्यावर शिडी चढून. आईला जिन्याच्या चार पायऱ्या जड जातात, रात्री दोनदा बाथरूमला उठते ती, शिडी उतरेल का? शिवाय चाकं असली की नियमात ते कॅरॅव्हॅनमध्येच धरतात. स्वस्त पडतं हे खरंय, पण तुम्हाला कॅरॅव्हॅनमध्ये नाही ठेवायचंय मला.

ग्रॅनी फ्लॅट पाया घालून बांधतात. सिडनीत ६० चौरस मीटरपर्यंत बांधता येतो, म्हणजे जवळजवळ साडेसहाशे स्क्वेअर फूट, डोंबिवलीत आपण चौघं साडेचारशेत राहिलो की! प्लॉट किमान ४५० चौरस मीटरचा लागतो, आमचा ५६० आहे, आणि सगळं ठरलेल्या मापात बसलं की काउन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, वेगळा अर्ज न करता सर्टिफायर, म्हणजे परवानाधारक तपासनीसच, मंजुरी देतो. मागच्या कुंपणापासून ३ मीटर सोडायचे, तिथे आईचा कढीपत्ता.

जावयाच्या घरी किती दिवस राहायचं, हे तुमच्या मनात आहे बाबा, मला कळतं ते. म्हणूनच तर हा हट्ट. तुमचं दार वेगळं, किचन वेगळं, बाथरूम वेगळं, सकाळी रेडिओ किती मोठा लावायचा ते तुम्ही ठरवायचं. आईवडिलांसाठीचा तात्पुरता व्हिसा ३ किंवा ५ वर्षांचा मिळतो, एवढी वर्षं काय पाहुण्यासारखं बॅगेतून कपडे काढायचे? आणि हा फ्लॅट आमच्या घरापासून वेगळा काढून विकता येत नाही, लोकांना तो तोटा वाटतो, मला तेच आवडलं.

ड्रॉइंग शुक्रवारी फायनल होतंय. बाथरूमला उंबरा नको सांगितलंय, देवघर पूर्वेला. आई, तुझ्या ओट्याची उंची टेपने मोजून व्हॉट्सअ‍ॅपवर टाक ना, इथले ओटे तुला उंच पडतील.

तुमची,
मनू