बाबा, तक्रार जोरात करा, पण माणूस बघून करा

प्रिय आई-बाबा,

हे फोनवर बोलायला गेले की बाबा "बरं बरं, बघू" म्हणतात आणि आई विषय सरळ माझ्या झोपेवर नेते, म्हणून लिहूनच पाठवतेय. लांब झालंय, दोघांनी चष्मा लावून निवांत वाचा, आणि एकमेकांना "बघ, तुझ्याबद्दल लिहिलंय" असं करू नका, दोघांबद्दल लिहिलंय.

आधी बाबा. परवा तुम्ही इंटरनेटच्या तक्रारीचा फोन स्पीकरवर टाकला होतात आणि मी आईच्या फोनवर व्हिडिओ कॉलवर होते, त्यामुळे मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं. ती मुलगी म्हणाली "सर, तुमची गैरसोय झाली त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत" आणि तुम्ही म्हणालात "दिलगिरी नको, इंटरनेट द्या", इथपर्यंत मलाही हसू आलं. मग तिने तेच वाक्य परत म्हटलं आणि तुमचा पारा चढला, "पोपटासारखं काय तेच तेच बोलताय, डोक्यात काही शिरतंय का?" त्यावर ती सेकंदभर गप्प, मागे बाकीच्यांच्या बोलण्याचा गलका, आणि मग अगदी त्याच पट्टीत "सर, मी तुमची तक्रार नोंदवून घेते." आवाज जराही चढला नाही की उतरला नाही. सवय झाल्याशिवाय असं जमत नाही हो बाबा.

माझा कामानिमित्त या सपोर्टवाल्यांशी रोज संबंध येतो म्हणून सांगते तिच्यासमोर काय असतं ते. स्क्रीनवर तुमचे जुने कॉल, काय बोलायचं त्याचा मजकूर, आणि कॉल किती वेळ चाललाय ते दाखवणारं घड्याळ. कॉल संपला की नोंद लिहायला थोडासा वेळ मिळतो, कधी तोही नाही, की लगेच पुढचा कॉल कानात. कॉल रेकॉर्ड होतात आणि त्यातले काही क्वालिटीवाले ऐकून मार्क देतात, नाव सांगितलं का, माफी मागितली का, "अजून काही मदत करू का" विचारलं का. म्हणजे तुम्हाला ज्या पोपटपंचीचा राग आला ती तिने गाळली असती तर तिचेच मार्क गेले असते. बऱ्याच ठिकाणी समोरचा घाणेरडं बोलला तरी आधी वॉर्निंग द्यावी लागते, लगेच फोन आपटता येत नाही. आणि लाइन दुरुस्त करणं तिच्या हातात नसतंच, ती तिकीट, म्हणजे तक्रारीची नंबरवाली नोंद, बनवून पुढच्या टीमला पाठवते, बस्स.

आता लगेच म्हणू नका की मी त्यांची वकिली करतेय. ज्यांनी ही सगळी सिस्टिम अशी केलीये की माणूस गाठायला आधी अमुकसाठी एक दाबा तमुकसाठी दोन दाबा करत बसावं लागतं, ते कधीच फोनवर येत नाहीत, तुमचा राग त्यांच्यावरच आहे आणि तो रास्त आहे. पण तो पोचतो कुणाला, तर ज्या मुलीला सगळ्यात कमी अधिकार आहेत तिला, आणि वर बसलेल्याला पत्तासुद्धा लागत नाही. म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे की तक्रार जोरात करा पण माणूस बघून करा. फोनवर तिकीट नंबर घ्या, किती तारखेपर्यंत होईल ते विचारा, नाही झालं तर कुणाकडे जायचं ते विचारा आणि तिला सरळ म्हणा "हे तुमच्या हातात नसेल तर वरिष्ठांकडे पाठवा आणि तशी नोंद करा". या नोंदीचा उपयोग होतो. ओरडलात तर ती नोंदीत "ग्राहक संतापलेले" एवढंच लिहिते आणि मुद्दा राहून जातो. आणि मग कंपनीच्या तक्रारीच्या मेलवर तुमच्या त्या झणझणीत भाषेत काय लिहायचं ते लिहा, तिथे मी अडवणार नाही, उलट ड्राफ्ट मला पाठवा, मी अजून दोन वाक्यं घालते.

स्टार द्यायचं पण तसंच. कॉल झाल्यावर मेसेज येतो ना, "आमच्या प्रतिनिधीशी बोलण्याचा अनुभव कसा होता", तुम्ही रिफंडचा नियम पटला नाही म्हणून एक स्टार देता. तो स्टार नियमाला लागत नाही, त्या मुलीच्या नावावर जातो. टॅक्सीच्या ॲपवर तर सरासरी ठराविक आकड्याखाली गेली की ड्रायव्हरचं अकाउंटच बंद होऊ शकतं, आणि तुम्ही ट्रॅफिक होतं म्हणून दोन स्टार देऊन मोकळे. माणूस उद्धट वागला, गाडी वेडीवाकडी चालवली तर द्या की एक, माझं काही म्हणणं नाही.

"पैसे मोजतो आपण" हे तुमचं ठरलेलं वाक्य. मोजतो, पण सेवेचे मोजतो, बोलून घेण्याचे वेगळे मोजत नाही. गिऱ्हाईक नेहमी बरोबर हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठमोठ्या दुकानवाल्यांनी आणि हॉटेलवाल्यांनी धंदा वाढवायला रूढ केलेलं तत्त्व आहे, कुठल्या कायद्यात नाहीये. उलट कायदे आता दुसऱ्या बाजूने यायला लागलेत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ साली कामाच्या जागी होणाऱ्या हिंसा आणि छळाविरुद्ध करार केला, त्यात ग्राहकांसारख्या बाहेरच्यांकडून होणारा त्रासही विचारात घ्यायचाय. आणि टोकियोत १ एप्रिल २०२५ पासून ग्राहकांनी कर्मचाऱ्यांचा छळ करू नये यासाठी वेगळा नियमच लागू झालाय, दंड नाही त्यात, पण असं वागायचं नाही हे लेखी आलं. आदबशीर म्हणून ज्यांचे दाखले तुम्ही आम्हाला लहानपणापासून दिलेत त्या जपान्यांवर ही वेळ आली, बघा म्हणजे!

हॉस्पिटलचं तर मुद्दाम सांगायचंय कारण पुढच्या महिन्यात आईची तपासणी आहे आणि तुम्ही रिसेप्शनपासूनच सुरू होता. इस्रायलमध्ये नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या डॉक्टर-नर्सच्या टीमवर एक प्रयोग झाला होता, २०१७ साली छापून आला. खोटा पेशंट, खोटी आई, आणि ती आई काही टीमना लागेल असं बोलते. ज्यांना ते ऐकावं लागलं त्या टीमचं निदान आणि उपचार दोन्ही बिघडलं, आणि ते दिवसभराच्या सरावात तसंच राहिलं. म्हणजे कामात मन लागत नाही म्हणतो ते खरोखर मोजता आलं. मला तर वाटतं तुमच्या स्वार्थासाठी तरी नर्सशी नीट बोला, सुई त्यांच्या हातात असते.

आता आई, तू हसू नकोस. तू कुणालाच तोडून बोलत नाहीस, तुझा प्रॉब्लेम उलटा आहे. दारात पार्सलवाला उभा, तो म्हणतो "ओटीपी सांगा", आणि तू चष्मा शोधणार, मग फोन शोधणार, मग फोन सापडला की बाबांना हाक मारणार, आणि तेवढ्यात त्याला गाव कुठलं, लग्न झालं का, घरी कोण कोण असतं. तुला माया वाटते हे मला कळतं गं, पण त्याच्या ॲपमध्ये पुढचे पत्ते दिसत असतात आणि उशीर झाला की पुढच्या दारातला माणूस (बहुतेक बाबांसारखाच कुणीतरी) त्याच्यावर खेकसतो. पार्सल निघाल्याचा मेसेज आला की फोन हातात ठेव, दार वाजलं की ओटीपी सांग, थँक्यू म्हण, झालं. त्याला स्वतःहून बोलावंसं वाटलं तर बोल की. आणि दुकानातल्या त्या मुलीला "जरा हस की गं, छान दिसतेस" म्हणालीस ना, ते नको. दिवसभर मनात काहीही असलं तरी चेहरा हसरा ठेवायचा हेसुद्धा कामच असतं, आर्ली हॉकशिल्ड नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी विमानातल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून १९८३ मध्ये यावर लिहिलं आणि त्याला भावनिक श्रम म्हटलं. पुढे गिऱ्हाईक नसताना तिला चेहरा सैल सोडता येतो, तेवढा सोडू दे.

घरकामाच्या ताईंबद्दल तुम्ही दोघं तसे चांगले आहात, पगार तारखेला देता, तरी एक आहेच. पाहुणे येणार हे तुम्हाला आठवडाभर आधी माहीत असतं आणि त्यांना सकाळी दारात कळतं की आज भांडी दुप्पट आहेत. आदल्या दिवशी एक फोन, फार काही लागत नाही. आणि सुट्टी मागितली की "आत्ताच तर घेतली होती" म्हणायचं बंद करा प्लीज. जगात सात कोटींच्या वर घरकामगार आहेत, बहुतेक बायकाच, आणि त्यांच्यासाठी २०११ सालचा आंतरराष्ट्रीय करार आहे त्यात आठवड्यातून सलग २४ तास सुट्टी लिहिलीये. बाबा, तुम्ही नोकरीत असताना रविवारी साहेबांचा फोन आला की कसे चिडायचात ते आईला विचारा.

हे सगळं एकतर्फी आहे असं नाही. मागे एकदा काउंटरवरचा तो पोरगा तुम्हाला ऐकू येत नाही असं समजून ओरडून बोलला आणि फॉर्म तुमच्या हातातून ओढून मलाच समजावायला लागला, तेव्हा मलाही डोक्यात गेलं होतं. अशा वेळी सोडू नका, "मला ऐकू येतं, मलाच सांगा" म्हणा, तुम्ही ते एरवी छान ठणकावता. फक्त त्या पोराचा राग संध्याकाळी वॉचमनवर काढू नका, आणि त्यांना शुक शुक करून बोलावणं तर कुठल्याच दिवशी नको, तुमच्याच वयाचे आहेत ते.

बाकी मंगळवारी वॉशिंग मशीनवाला टेक्निशियन येणार आहे, वेळ मी दुपारची घेतलीये. मशीनमागचे डबे आदल्या रात्रीच काढून ठेवा, मॉडेल नंबरचा फोटो फोनमध्ये असू दे, आणि तो काम करत असताना बाबांनी डोक्यावर उभं राहून स्क्रू कुठला आधी काढायचा ते सांगायचं नाही. पार्ट मागवावा लागला तर तो त्याच दिवशी मिळणार नाही हे मी आत्ताच सांगून ठेवतेय, चिडायचं असेल तर मला फोन करा.

आई, गोळ्या वेळेवर घे. रविवारी बोलू.

तुमची,
चिमी