संजयला पत्र: सोयाबीनच्या गुंडाळ्या आणि सहा इंग्रजी अक्षरं

प्रिय संजय,
स. न. वि. वि.

पाटोद्याकडच्या शाळेत रुजू झालास, तिसरी-चौथी तुझ्याकडे आली, हे वाचून फार बरं वाटलं. साठपर्यंत पट असला की शिक्षक दोनच, तेव्हा एका खोलीत दोन इयत्ता हे धरूनच चाल. इंग्रजी आणि परिसर अभ्यास कसे घ्यावेत, असं विचारलंस. माझं म्हणणं असं की दोन्ही एकमेकांत गुंफ, पण क्रम सोडू नकोस. आधी मुलांनी हाताने करायचं, मग त्यावर त्यांच्या घरच्या मराठीत पोटभर बोलायचं, आणि त्यानंतर त्यातलंच थोडं इंग्रजीत म्हणायचं. सेमी-इंग्रजीच्या घाईत हे उलटं झालं, की मुलं 'रूट्स टेक इन वॉटर' घडाघडा म्हणतात आणि झाड उपटून समोर धरलं तर पाणी कुठून आत जातं ते दाखवता येत नाही.

वेळेचं गणितही तुझ्याकडे वेगळं आहे. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांपाशी राहणारी मुलं तेवढी वर्गात उरतात, बाकीची मार्च-एप्रिलशिवाय दिसत नाहीत. म्हणून जे पक्कं व्हायलाच हवं, ते जून ते दिवाळी या काळातच बसव.

जूनमध्ये घरोघरी पेरणीची बोलणी चाललेली असतात, तेव्हा सुरुवात सोयाबीनच्या उगवण चाचणीने कर. बियाणं घरचंच, मूठभर पुरे. दुकानातल्या पिशवीतलं लाल-गुलाबी रंगाचं बियाणं मुलांच्या हातात अजिबात देऊ नकोस, त्याला औषध लावलेलं असतं. वर्तमानपत्राच्या कागदाची चार पदरी घडी पाण्यात बुडवून उभी धरायची आणि थेंब पडायचे थांबेपर्यंत निथळू द्यायची. तिच्यावर दोन-दोन सेंटिमीटर अंतरावर एका ओळीत १० दाणे ठेवायचे, वर दुसरी ओली घडी, मग सैलसर गुंडाळी करून दोन्ही टोकांना दोरा. अशा १० गुंडाळ्या म्हणजे १०० दाणे. त्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून तोंड सैल बांधायचं आणि पिशवी सावलीत ठेवायची. सोमवारी गुंडाळ्या केल्या की शुक्रवारी उघडता येतात, मध्ये रविवार येत नाही. ७० किंवा त्याहून जास्त दाणे उगवले तर बियाणं नेहमीच्या प्रमाणात पेरायचं, कमी उगवले तर बियाण्याचं प्रमाण वाढवावं लागतं. हा आकडा मुलं घरी सांगतात आणि घरचे तो मनावर घेतात. शाळेतलं विज्ञान घरी कामाला येतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

बिघडतं कुठे तेही सांगतो. मुलं टपोरे दाणे वेचून घेतात आणि आकडा फुगतो. डोळे मिटून मुठीत येतील तेच दाणे घ्यायला लाव. कागद नीट निथळला नाही तर दाण्याला हवा मिळत नाही, तो कुजतो आणि पिशवीला वास येतो. सोयाबीनचं साल पातळ असतं, त्यामुळे आपटलेल्या पोत्यातले दाणे आतून दुखावलेले असतात. ते फुगतात, पण मोड येत नाही.

याच्याच जोडीला दोन गुंडाळ्या जास्तीच्या कर. एक कोरडीच ठेव, एक पाण्याने भरलेल्या ग्लासात पूर्ण बुडवून ठेव. दाणे त्याच बियाण्यातले, कागद तोच, जागा तीच, फरक फक्त पाण्याचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मुलांना इथे समजलं तर पुढचे सगळे प्रयोग सोपे जातात. बुडवलेले दाणे का उगवले नाहीत याचं उत्तर तू लगेच देऊ नकोस. शेतात पाणी साचल्यावर काय होतं हे त्यांनी पाहिलेलं असतं, तिथपर्यंत त्यांचं तेच पोचतील.

इंग्रजी आता आणायचं. सीड, रूट, पेपर, वेट, ड्राय, लाँग, शॉर्ट आणि दहापर्यंतचे आकडे, इतकंच. गुंडाळी हातात धरून 'धिस पेपर इज वेट', 'धिस रूट इज लाँग' असं म्हणायचं. आठवडाभर फक्त तोंडी, लिहायचं नंतर.

वाचनासाठी मात्र रोज वेगळी दहा मिनिटं काढ. तिसरीतल्या मुलांना एबीसीडी पाठ असते आणि तरी 'पिन' वाचता येत नाही, कारण त्यांना अक्षरांची नावं माहीत असतात, आवाज नसतात. पी-आय-एन जोडून पिन होत नाही. एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांचे आवाज आधी घे, तेही लहान लिपीत, कारण पुस्तकात बहुतेक अक्षरं तीच असतात. व्यंजनाचा आवाज पाय मोडून म्हण: स्, ट्, प्, न्. शेवटी 'अ' लागला की मूल 'पइन' म्हणतं आणि अडकतं. या सहांतून सॅट, सिट, टॅप, टिन, पॅन, पिन, नॅप, ॲंट असे बरेच शब्द होतात. 'ई' अक्षर लगेच आणू नकोस, पॅन आणि पेन यांत घोळ होतो. बी आणि डी यांच्यात काही आठवडे अंतर ठेव. व्ही-डब्ल्यूच्या उच्चारावर वेळ घालवू नकोस. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून अक्षरपत्ते कर, लग्नसराई नुकतीच झाल्याने घरोघरी मिळतील. तिसरी जोडीजोडीने पत्ते जुळवत बसली की चौथीला मुळांची लांबी मोजायला लाव, म्हणजे दोन्ही इयत्ता हाताशी राहतात.

एका प्रयोगाबद्दल आधीच सावध करतो. ताटलीतल्या पाण्यात पेटती मेणबत्ती उभी करून वर ग्लास पालथा घालतात, पाणी आत चढतं, आणि 'ऑक्सिजन संपला म्हणून चढलं' असं सांगून मोकळे होतात. ते बरोबर नाही. ज्योतीने तापलेली हवा पसरते, ग्लास टेकवताना काही बुडबुडे बाहेर पडतात, आणि ज्योत विझून आतली हवा निवली की पाणी वर ओढलं जातं. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लाव, पाणी जास्त चढेल. ग्लास तोच, आतला ऑक्सिजनही तेवढाच, मग जास्त का चढलं, हे चौथीला विचार आणि गप्प बस.

गुंडाळ्या उघडल्यावर १०० पैकी किती उगवले आणि मुलांनी काय काय विचारलं ते सविस्तर लिही. बुडवलेल्या गुंडाळीबद्दल त्यांचे तर्क त्यांच्याच शब्दांत उतरवून पाठव, त्यावरून श्रावणातलं ठरवू. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
प्रकाश