पेठांतल्या पादचाऱ्याला ओटा हवा, पाणी हवे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गुढीपाडव्यानंतरच्या आठवड्यात मी आणि माझी पत्नी एक अख्खा दिवस पुण्याच्या पेठांमधून पायी हिंडलो. आम्हा दोघांचे आयुष्य याच शहरात गेले; परंतु नोकरी, मुलांच्या शाळा आणि कोथरूडला हलवलेला संसार यांमुळे जुन्या पुण्यात जाणे लग्नसराईच्या खरेदीपुरते किंवा गणेशोत्सवापुरते उरले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाल्यापासून मात्र हे सोपे झाले आहे. वनाजला गाडीत बसून सिव्हिल कोर्टला गाडी बदलली की पुढचेच स्थानक कसबा पेठ.

कसबा गणपतीचे दर्शन घेऊन आम्ही तांबट आळीत शिरलो. तेथे एक कारागीर तांब्याच्या घंगाळावर मठारकाम करत होते. हातोडीचा प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्याला खेटून पडत होता, आणि त्या लहान गोल खुणांच्या रांगेवर उन्हाची तिरीप आली की भांड्याचा तेवढा भाग उजळून निघत होता. पत्नी पाहत उभी राहिली, तेव्हा हातातले काम न थांबवता त्यांनी पायाने एक स्टूल तिच्याकडे सरकवले. तिला गुडघ्याचे दुखणे आहे. दिवसभरात तिला कुणी आपणहून दिलेली बसायची ती एकमेव जागा ठरेल, हे तेव्हा ध्यानात आले नव्हते.

तेथून लाल महाल. शाहिस्तेखानावरचा छापा ५ एप्रिल १६६३ च्या रात्री, म्हणजे याच चैत्रात पडला होता. आजची इमारत अलीकडची असली तरी तिथी जवळ आलेली असताना त्या जागी उभे राहण्याने मन वेगळेच भरून येते. पुढे शनिवारवाडा. १७३२ साली वास्तुशांत झालेला आणि १८२८ च्या आगीत लाकडी इमले गमावलेला हा वाडा आज तट, बुरूज आणि जोती एवढ्यावरच उभा आहे. तरीही दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवरचे लोखंडी खिळे जवळून पाहिले की पेशवाईचा दरारा कळतो.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. अप्पा बळवंत चौक ओलांडून लक्ष्मी रस्त्याकडे निघालो तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. त्या वाटेवर आम्हाला ना एक बाक दिसला, ना पिण्याच्या पाण्याचा नळ. पदपथावर दुचाक्या उभ्या असल्याने रस्त्याच्या कडेने, वाहने चुकवत चालावे लागले. पत्नीला घेरी आली, तेव्हा दुपारच्या वेळी बंद असलेल्या एका दुकानाच्या पायरीवर तिला बसवले आणि मी पाण्याची बाटली विकत घ्यायला धावलो. चारच्या सुमारास मालक दुकान उघडायला आले. त्यांनी अत्यंत सौजन्याने विचारपूस केली, पण पायरी मोकळी करून देणे आम्हाला भागच होते. विश्रामबागवाड्याची लाकडी कोरीव दर्शनी बाजू रस्त्यावरूनच पाहिली, तुळशीबागेतील राममंदिर पाहण्याचा बेत सोडला आणि मंडई स्थानकातून परत फिरलो.

याच पेठांत एके काळी वाटसरूची सोय रस्त्यावरच होती, म्हणून हे अधिक लागते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून नळाने आणलेले पाणी जागोजागच्या हौदांत पडत असे. काळा हौद, बदामी हौद ही नावे पुणेकरांच्या तोंडी अजून आहेत. महात्मा फुले यांनी १८६८ साली आपल्या घराचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुला केला, तो याच शहरात. वाड्यांना ओटे होते आणि त्यांवर घटकाभर टेकणाऱ्याला कुणी उठवत नसे. चैत्रात पाणपोई घालणे हे तर आपल्याकडे पुण्यकर्म मानले जाते.

लक्ष्मी रस्ता दर वर्षी ११ डिसेंबरला पादचारी दिनानिमित्त काही तास वाहनांसाठी बंद ठेवला जातो. हा उपक्रम मला मनापासून आवडतो, परंतु चालणाऱ्याला सावलीची आणि पाण्याची गरज डिसेंबरपेक्षा चैत्र-वैशाखात अधिक असते. कसबा पेठ आणि मंडई या दोन स्थानकांमधल्या वाटेवर थोड्या थोड्या अंतराने दगडी बाक बसवावेत, निदान चार ठिकाणी पिण्याच्या पाण्याची सोय करावी आणि तेवढ्या पट्ट्यातले पदपथ वाहनांपासून मोकळे ठेवावेत, अशी संबंधित यंत्रणेला कळकळीची विनंती आहे. यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. बाकांच्या जागा ठरवताना आमच्यासारख्या ज्येष्ठांना सोबत घेऊन ती वाट एकदा भर दुपारी चालून पाहावी. मी आणि माझी पत्नी त्यासाठी कोणत्याही दिवशी यायला तयार आहोत.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, कोथरूड, पुणे