मोतीबिंदू पिकायची वाट कशाला?

संपादक महोदय,

‘पिकला की काढू’ असे बडोद्यात, रावपुरा-दांडिया बाजारातल्या मराठी घरांतही ज्येष्ठांना आजही सांगितले जाते. यात डोळ्याचे नुकसान आहे. फार पिकलेला मोतीबिंदू कठीण होतो. फेकोने, म्हणजे श्रवणातीत ध्वनिलहरींच्या यंत्राने, तो फोडायला जास्त ऊर्जा लागते आणि कॉर्नियाला (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला) सूज येऊ शकते. वेळेत गेल्यास जेमतेम २.८ मिलिमीटरच्या छेदातून घडी करून घालायचे कृत्रिम भिंग बसते. कठीण मोतीबिंदूला बरेचदा ६-७ मिलिमीटरचा छेद घेतात, तोही बहुधा बिनटाक्याचा. या पद्धतीला कमी लेखू नये. थेंबांनी मोतीबिंदू विरघळत नाही. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन हे औषध चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, त्याने शस्त्रक्रियेच्या वेळी बाहुली नीट मोठी होत नाही. शस्त्रक्रियेनंतर डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा नजर कमी झाली तर त्याच दिवशी दाखवा.

– एक वाचक, बडोदे