खालच्या मजल्यावरच्या काकांना

ती. काका,
सा. न.

समोर आभार मानले की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून लिहूनच कळवते, सगळ्यांच्या देखत.

आजीच्या जात्यावरच्या ओव्या आईने कॅसेटवर टेप करून ठेवल्या होत्या. त्या संगणकावर उतरवायला मला दोन वर्षं लागली. सगळ्या मिळून ३८ जीबी, आणि त्या आतल्या खोलीतल्या विंडोज ७ च्या जुन्या डेस्कटॉपवर. आईला तिथे फार वेळ बसवत नाही. पेनड्राइव्हवरून लॅपटॉपवर न्यायच्या, तर इकडे दुरुस्ती केली की तिकडे जुनीच प्रत राहायची. दोन्ही यंत्रं एकाच घरात, एकाच राउटरवर, तरी लॅपटॉपला डेस्कटॉप दिसत नव्हता. शेवटी कोणीतरी सांगितलं, फायरवॉल (नको ते आत येऊ न देणारा पहारा) बंद कर आणि एसएमबी १, म्हणजे नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याची जुनी पद्धत, चालू कर. मी करणारच होते.

तुम्ही माझा हात धरलात. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा खंडणी मागणारा व्हायरस याच एसएमबी १ मधल्या फटीतून जगभरच्या संगणकांत शिरला आणि लोकांच्या फाइली कुलूपबंद झाल्या, हे तुम्ही शांतपणे सांगितलंत. विंडोज ७ ला त्याची पुढची आवृत्ती, एसएमबी २, येते, मग ते जुनं दार उघडायचंच कशाला? आजीच्या ओव्या तशा गेल्या असत्या तर, या विचाराने मला अजून कसंतरी होतं.

मग तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, "लॅपटॉप कुठल्या वायफायवर आहे?" तो पाहुण्यांच्या वायफायवर होता, आणि राउटर त्या वायफायला घरातल्या बाकीच्या यंत्रांपासून वेगळं ठेवतो. ते बदललं, नेटवर्क 'प्रायव्हेट' केलं, तरी आत घेईना. कारण डेस्कटॉपच्या खात्याला पासवर्डच नव्हता, आणि विंडोज असं खातं नेटवर्कवरून आत येऊ देत नाही. तुम्ही आईसाठी पासवर्डचं वेगळं खातं उघडायला लावलंत, त्याला फोल्डर फक्त वाचण्याची परवानगी. "चुकून डिलीट झालं असं व्हायला नको." हे मला सुचलं नसतं. डेस्कटॉपचा नेटवर्कवरचा पत्ता पुन्हा बदलू नये म्हणून राउटरमध्ये त्याच्यासाठी १९२.१६८.१.५ राखून ठेवायला लावलंत.

आणि हे सगळं माझ्याच हातून करवून घेतलंत. माउसला एकदाही हात लावला नाहीत. दोन उलट्या तिरक्या रेघा, मग पत्ता, मग एंटर. फोल्डर उघडलं तेव्हा आई स्वयंपाकघरातून ओले हात घेऊनच आली.

परवा केबल लावून सगळ्याची एक प्रत लॅपटॉपवरही घेतली, तासाभरात झाली. आता आई दुपारी हॉलमध्ये ओव्या लावते आणि मधेच थांबवून मला शब्द सांगते. मी लिहून घेते.

रविवारी काकूंना घेऊन चहाला या. आजीची पहाटेची ओवी आईला तुम्हाला ऐकवायची आहे.

तुमची,
वरच्या मजल्यावरची