गोदावरीचं पाणी: पैठणच्या मित्रास पत्र

नाशिक

प्रिय सतीश,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या जायकवाडी धरणासाठी वरच्या धरणांतून यंदा किती टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सुटणार, असं तू विचारलंस. ऑक्टोबर आला की हाच विषय. किती पाणी, यावरून नाशिक-नगर आणि मराठवाडा हमरीतुमरीवर येतात, कोर्टात जातात. कसलं पाणी, हे मात्र कुणी विचारत नाही. मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

उगमापासून, म्हणजे ब्रह्मगिरीपासून, अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर. तरी गोदावरी त्याच्याकडे पाठ करून १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. एवढी मोठी नदी, आणि नाशिक ओलांडेपर्यंतच तिची रया जाते!

टाकळीला नासर्डी तिला मिळते, तिथं जाऊन बघ. काळपट पाणी बराच वेळ काठाकाठानं वेगळंच वाहतं, वर फेस. पुढे पात्रभर जलपर्णी, इतकी दाट की पाणकोंबड्या तिच्यावरून चालत जातात. सांडपाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस हेच तिचं खत. यंत्र लावून ती काढतात, पण नाले चालूच असल्यावर ती पुन्हा माजणारच. कुजली की पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात.

हेच पाणी नांदूरमध्यमेश्वरला साचतं. जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेली महाराष्ट्रातली ती पहिली जागा; २०२० साली तसं जाहीर झालं. तिथून कालवे कोपरगावच्या उसाला आणि वैजापूर-गंगापूरच्या शेतांना जातात, आणि नदी तुमच्या नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात. संभाजीनगर, जालना पितात ते तिथलंच. कारखाने त्यावर, जालना-परभणी-बीडची शेती त्यावर, तुझी मोसंबीही त्यावरच. आंध्रातला भातही याच नदीवर. आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनिअरनं तिथं धवळेश्वरमला बंधारा बांधून पूर्ण केला तो १८५२ मध्ये.

२०२७च्या कुंभमेळ्यासाठी इथे घाट सजतील. सजू देत. पण माझ्या मते आधी नाले अडवावेत आणि शुद्ध केलेलं सांडपाणी शेतीला वळवावं. नदीत सोडायचंच असेल तर त्याचा दर्जा रोजच्या रोज जाहीर करावा. साध्या आंघोळीच्या पाण्यातही बीओडी (घाण कुजताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर नको, असा निकष आहे. तुमच्या पाणीवापर संस्थेच्या बैठकीत टीएमसीबरोबर हा आकडाही मागा. आम्ही इथून मागतोच आहोत. नाशिककर आणि पैठणकर यांच्या सह्या एका अर्जावर दिसल्या, तर तो बाजूला सारणं अवघड जाईल.

अर्जाचा मसुदा सोबत जोडलाय. कालव्यांचा भाग तुला जास्त ठाऊक, तेवढा तपासून लगेच धाड. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
विलास